एडवर्ड फोर्ब्स : समुद्रतळाच्या जीवांचा नकाशा मांडणारे शास्त्रज्ञ

नकाशात समुद्र कसा दाखवतात? निळा रंग दिला की झालं! पण त्या निळ्या रंगाखाली कुठे रेती आहे, कुठे चिखल, कुठे शिंपल्यांची वस्ती आहे, हे कोणी शोधलं असेल? ब्रिटनभोवतीच्या समुद्रात हे काम चिकाटीने करणारे एडवर्ड फोर्ब्स यांची आज ओळख करून घेऊ.

त्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८१५ रोजी आयरिश समुद्रातल्या आयल ऑफ मॅन या बेटावर, डग्लस गावी झाला. त्यांना चित्रकार व्हायचं होतं, पण लंडनच्या रॉयल अकादमीत प्रवेश मिळाला नाही. मग १८३१ मध्ये एडिनबरोला वैद्यकी शिकायला गेले आणि पदवी न घेताच बाहेर पडले. सगळं लक्ष समुद्राकडे! चित्रकला मात्र वाया गेली नाही बरं का. १८४१ च्या ब्रिटिश तारामाशांवरच्या पुस्तकात त्यांनी स्वतः गमतीदार चित्रं काढली आहेत.

त्यांचं मुख्य साधन म्हणजे ड्रेज : लोखंडी चौकटीला बांधलेली जाळीची पिशवी. ती होडीमागून तळावर ओढत न्यायची आणि वर घ्यायची. एकदा लुइडिया नावाचा तारामासा वर येताच तुकडे तुकडे होऊन गेला. पुढच्या वेळी फोर्ब्स बादलीत गोडं पाणी घेऊन तयारच बसले. पण तो पठ्ठ्या बादलीपर्यंत पोचण्याआधीच तुटला आणि जाळीच्या भोकांतून निसटला. हाती लागलं फक्त एका भुजेचं टोक, त्यावरच्या डोळ्यासकट!

पण एकट्याच्या होडीने देशाचा समुद्र कसा मोजून होणार? १८३९ मध्ये ब्रिटिश असोसिएशन या शास्त्रज्ञांच्या संस्थेने त्यांच्या पुढाकाराने एक समिती नेमली आणि ६० पौंड मंजूर केले. समितीने छापील तक्ते केले : तारीख, ठिकाण, खोली, किनाऱ्यापासूनचं अंतर, तळ कसा आहे, आणि प्रत्येक जातीचे जिवंत किती, मेलेले किती. हा शेवटचा रकाना मला फार शहाणपणाचा वाटतो. रिकामा शिंपला लाटांबरोबर कुठूनही वाहत येतो. जिवंत प्राणी मात्र तिथलाच असतो. अशा नोंदींतून फोर्ब्स यांनी ब्रिटिश समुद्राचे खोलीनुसार चार पट्टे मांडले. पहिला भरती-ओहोटीचा, त्याखाली लांब पानांच्या समुद्रशैवालाचा, आणि मग आणखी खोल पाण्यातले दोन.

१८४१ मध्ये ते बीकन या सर्वेक्षण जहाजावर निसर्गतज्ज्ञ म्हणून एजियन समुद्रात गेले. आपले कोळी खोली वावेत मोजतात ना? एक वाव म्हणजे साधारण सहा फूट. तिथे फोर्ब्स सुमारे २३० वावांपर्यंत पोचले. जसजसं खोल जावं तसतसे जीव कमी होत गेले. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला की ३०० वावांखाली जीवसृष्टी नसावी. इथेच ते चुकले. एजियनचा तळ मुळात जीवांनी गरीब, आणि जिथवर ड्रेज पोचलंच नाही तिथला निष्कर्ष त्यांनी काढला. शिवाय १८१८ मध्येच जॉन रॉस यांच्या दोराला बॅफिन उपसागरात त्याहून खूप खोलवरून तारामाशाचा एक भाऊबंद अडकून आला होता! तरीही अनेकांनी फोर्ब्स यांचंच खरं मानलं.

परत आल्यावर घरची आर्थिक घडी विस्कटलेली होती, म्हणून शिकवणं आणि संग्रहालयाचं काम एकदमच करावं लागलं. १८५४ मध्ये हवी असलेली एडिनबरोची प्राध्यापकी मिळाली आणि त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला ते गेले. वय अवघं ३९. युरोपच्या समुद्रांवरचं अपुरं पुस्तक गॉडविन-ऑस्टिन यांनी पूर्ण करून १८५९ मध्ये काढलं.

ती चूकही ड्रेजनेच दुरुस्त केली. १८६९ मध्ये पोर्क्युपाइन जहाजावरून २,४०० वावांहून खोल तळातून जिवंत प्राणी वर आले. त्या मोहिमेतले वायव्हिल थॉमसन पुढच्याच वर्षी एडिनबरोला फोर्ब्स यांच्याच जागेवर प्राध्यापक झाले.

आणि फोर्ब्स यांचं बेट? तिथल्या रॅम्झी उपसागरात २०११ मध्ये आयल ऑफ मॅनचं पहिलं सागरी राखीव क्षेत्र झालं. समुद्रगवत आणि मोठ्या शिंपल्यांच्या वस्त्या कुठे आहेत ते पाहून त्याचे पट्टे आखले आहेत. त्यातल्या नाजूक पट्ट्यांत ड्रेज ओढायला आता मनाई आहे.