राजा बख्त बुलंद शाह : नागपूर राजधानीचे संस्थापक

विद्यार्थी मित्रांनो, गोंदियाहून रेल्वेत बसलो की दोन-अडीच तासांत आपण नागपूरला पोहोचतो. कुणी दवाखान्याच्या कामाला जातं, कुणी शिकायला, कुणी कापड खरेदीला. पण हे शहर कुणी वसवलं, हे विचारलं तर बरीच मुलं भोसल्यांचं नाव सांगतात. भोसल्यांनी नागपूर मोठं केलं हे खरं आहे. पण पाया घातला तो एका गोंड राजानं. त्यांचं नाव राजा बख्त बुलंद शाह. आज आपण त्यांची ओळख करून घेऊया.

बख्त बुलंद शाह हे देवगडच्या गोंड राजघराण्यातले. देवगड हा डोंगरी किल्ला आज मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात आहे. राजांचं मूळ नाव महीपतशाह होतं, असं सांगतात. गादीसाठी घरातच भांडण लागलं आणि त्यांना राज्य गमवावं लागलं. तेव्हा ते मदतीसाठी बादशहा औरंगजेबाच्या दरबारात गेले. 1686 च्या सुमारास त्यांनी इस्लाम धर्म स्वीकारला आणि बादशहानं त्यांना बख्त बुलंद हे नाव दिलं. बख्त म्हणजे नशीब आणि बुलंद म्हणजे उंच. ज्याचं नशीब थोर तो बख्त बुलंद.

धर्म बदलला तरी राजांनी आपल्या गोंड माणसांवर तो लादला नाही. राजघराण्याचे सोयरसंबंधही गोंडांशीच होत राहिले. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, बरं का!

पुढं मुघल सत्तेशी त्यांचं बिनसलं. बादशहा दक्षिणेत मराठ्यांशी लढण्यात गुंतला होता. बख्त बुलंद शाह यांनी बंड केलं आणि मराठ्यांशी हातमिळवणी केली. मुघलांनी देवगड जिंकून त्याचं नाव इस्लामगड ठेवलं. बादशहा इतका चिडला की त्यानं राजांचं नावसुद्धा उलटं केलं. बख्त बुलंदऐवजी निगूनबख्त, म्हणजे फुटक्या नशिबाचा, असं त्यांना म्हणावं असा हुकूम निघाला. बघा, ज्यानं नाव दिलं त्यानंच ते काढून घेतलं! पण आज इस्लामगड हे नाव कुणाच्या तोंडी नाही आणि निगूनबख्तही नाही. लोकांनी देवगड आणि बख्त बुलंद हीच नावं जपली.

दिल्लीसारखी शहरं राजांनी पाहिली होती. शेती, व्यापार आणि कारागिरी वाढली तरच राज्य टिकेल, हे त्यांना कळलं होतं. डोंगरातल्या किल्ल्यावर बाजारपेठ कशी वाढणार? म्हणून 1702 मध्ये त्यांनी नाग नदीच्या काठी, सपाट आणि सुपीक जमिनीवर, नवं शहर वसवलं. तिथं जवळजवळ बारा छोटी खेडी होती. त्यांना राजापूर बारसा म्हणत. सीताबर्डी, सक्करदरा, फुटाळा, भानखेडा ही त्यांतलीच नावं असल्याचं सांगतात. ही खेडी रस्त्यांनी जोडून एक गाव तयार झालं. राजांनी हिंदू-मुसलमान शेतकरी, कारागीर, व्यापारी बोलावून वसवले. वैनगंगेच्या खोऱ्यातही बाहेरून कष्टकरी शेतकरी आले. आपल्याकडच्या पोवार समाजातही पूर्वज माळव्यातून नगरधनकडे आल्याची आठवण सांगतात.

आता नावाची गंमत पाहा. राजांनी शहराला स्वतःचं नाव दिलं नाही. नाग नदीवरून नागपूर हेच नाव राहिलं. शिवाय हे नाव फार जुनं आहे. वर्धा जिल्ह्यातल्या देवळी इथं सापडलेल्या राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या शके 862, म्हणजे इ.स. 940 च्या ताम्रपटात नागपूर-नंदिवर्धन या भागाचा उल्लेख आहे.

अगदी याच काळात दूर पश्चिम आफ्रिकेत, आजच्या घाना देशात, अशांती लोकांचा राजा ओसेई टुटू आपली राजधानी कुमासी उभारत होता. तिचं नाव कुम नावाच्या झाडावरून पडलं, अशी तिथली कथा आहे. तिकडं झाड, इकडं नदी! दोन्ही राजांनी राजधानीला मातीतलंच नाव राहू दिलं.

बख्त बुलंद शाह यांच्यानंतर चांद सुलतान गादीवर आले. त्यांनी राजधानी देवगडहून नागपूरला आणली, शहराभोवती तट बांधला आणि जुम्मा तलाव तयार केला. तोच आजचा शुक्रवारी किंवा गांधीसागर तलाव. जुम्मा दरवाजाला आता गांधी गेट म्हणतात. चांद सुलतान यांच्या मृत्यूनंतर पुन्हा गादीचा वाद झाला. राणी रतनकुंवर यांनी रघूजी भोसले यांना मदतीला बोलावलं आणि पुढं सत्ता भोसल्यांकडे गेली. मुलांच्या तोंडी भोसल्यांचं नाव आधी येतं ते यामुळंच.

मुलांनो, आपल्या जिल्ह्यात गोंड बांधव मोठ्या संख्येनं राहतात. तुमच्याच वर्गात, तुमच्याच बाकावर असतील. ज्या शहरात आज विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं, ते शहर त्यांच्या पूर्वजांच्या राजानं वसवलं, हे त्यांनाही अभिमानानं सांगता आलं पाहिजे आणि आपल्यालाही.

उपक्रम : गोंदिया हे नाव गोंद म्हणजे डिंकाच्या व्यापारावरून पडलं असं काही जण सांगतात, तर काही जण गोंड लोकांवरून पडलं असं म्हणतात. तुमच्या गावाचं नाव कशावरून पडलं? झाड, तलाव, देव की माणूस? घरातल्या आजी-आजोबांना विचारा आणि वहीत दहा ओळी लिहून आणा.