फाळके बिऱ्हाड घेऊन नाशकात आले

पंचवीस वर्षांपूर्वी गंगापूर रोडला घर घ्यायचं ठरलं, तेव्हा घरचे म्हणाले, मुंबई सोडून इथे कशाला? मला दादासाहेब फाळके आठवले.

धुंडिराज गोविंद फाळके ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्मले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते विलायतेहून कॅमेरा घेऊन आले. (असं कर्ज मी तरी मंजूर केलं नसतं!) ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, चालला. आणि त्याच वर्षी या गृहस्थाने दादरचं बिऱ्हाड आवरून बायकोमुलांसह नाशिक गाठलं. थिएटरं राहिली मुंबईत. पण पौराणिक चित्रपटाला लागणारे घाट, देवळं, झाडी, डोंगर इथे हाताशी होते.

खरा भार सरस्वतीबाईंवर. फिल्मला छिद्रं पाडायची, ती धुवायची, वर कंपनीतल्या माणसांचा स्वयंपाक. मुलगी मंदाकिनी ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) कृष्ण झाली. पुढे भागीदारांशी बिनसलं, फाळके रागाने काशीला गेले, परतले ते नाशकातच. बोलपट आले आणि ते मागे पडले. १९३७ चा ‘गंगावतरण’ शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ ला इथेच गेले, हलाखीत.

नोकरीतल्या बदल्यांच्या वेळी मी बायकोला कधी विचारलं नाही. हे घर मात्र तिने पसंत केलं. भाजी, दवाखाना, देऊळ, सगळीकडे आधी स्वतः चालत जाऊन.