सगुणाबाईंनी वाढवलेले जोतीराव

तुम्ही जोगेश्वरीहून लोकल पकडून कामाला जाता आणि बाळ दिवसभर आजीकडे किंवा पाळणाघरात राहते. मग आईची ओढ कमी होईल का, ही धास्ती मनात असतेच. अशा वेळी महात्मा जोतीराव फुले यांचे बालपण आठवून पाहा.

त्यांचा जन्म 1827 सालचा. ते साधारण वर्षाचे असताना आई चिमणाबाई वारल्या. हे वय नाजूक. सहा-सात महिन्यांपासून बाळ ठरावीक माणसांना बिलगू लागते, ती नजरेआड झाली की रडते, परक्याला बिचकते. या भावनिक बंधाला डॉक्टर ‘अटॅचमेंट’ म्हणतात.

वडील गोविंदरावांनी दुसरे लग्न केले नाही. जोतीराव आणि थोरले भाऊ राजाराम यांना सांभाळले नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर यांनी. त्या बालविधवा होत्या आणि एका मिशनऱ्याच्या घरी मुले सांभाळत. जोतीरावांनी शिकावे यासाठी त्यांनी आग्रह धरला, आणि पुढे फुले दांपत्याच्या शिक्षणकार्यातही त्या उतरल्या. 1854 मध्ये त्या गेल्या तेव्हा जोतीराव 27 वर्षांचे होते. म्हणजे सांभाळणारे माणूस मध्येच बदलले नाही. माझ्या मते या बालपणातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. (त्यांचा बंध कोणत्या प्रकारचा होता, हे आज ठरवण्याचा खटाटोप मात्र नको.)

1863 मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे बाळंत व्हावे आणि मूल जगावे, ही सोय. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला.

तुमच्या बाळालाही रडल्यावर उचलणारे, रोज तेच असणारे माणूस लागते. ते आजी असू शकते, बाबा किंवा सांभाळणाऱ्या ताईही. आईशी असलेला बंध त्याने तुटत नाही, बाळ एकाहून अधिक माणसांशी जुळते. नव्या बाई येणार असतील तर सुरुवातीचे काही दिवस तुम्हीही घरी थांबा. निघताना बाळाची नजर चुकवू नका, सांगून निघा. संध्याकाळी तुम्हाला पाहून बाळ रडले तर घाबरू नका, ती ओढच आहे.

मात्र वर्ष उलटल्यावरही मूल लागले-खुपले तरी कुणाकडेच धावत नसेल, नजर देत नसेल किंवा कुठल्याही अनोळखी माणसासोबत बिनदिक्कत निघून जात असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जोगेश्वरीहून जवळ, विलेपार्ल्याच्या कूपर रुग्णालयात बालरोग विभाग आहे.