‘सौभद्र’कार अण्णासाहेब किर्लोस्कर

यंदाच्या उत्सवात बंगळूरच्या आपल्या मराठी मुलांचा शालेय नाट्यविभाग ‘संगीत सौभद्र’मधील निवडक प्रवेश सादर करीत आहे. तालमी माझ्याकडे असल्याने नाटककाराविषयी लिहिण्याचे कामही स्मरणिका समितीने माझ्याच गळ्यात घातले आहे.

बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, म्हणजेच अण्णासाहेब, यांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी गुर्लहोसूर येथे झाला. हे गाव आजच्या बेळगावी जिल्ह्यात, म्हणजे आपण राहतो त्याच राज्यात आहे. आमच्या कन्नड सहकाऱ्यांना हे सांगितले की ते खूश होतात! योगायोग असा की त्याच १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’चा खेळ केला आणि मराठी रंगभूमी सुरू झाली. भाव्यांनाही प्रेरणा मिळाली होती ती कर्नाटकातील भागवत मंडळींच्या खेळांवरून.

शिक्षणासाठी अण्णासाहेब पुण्याला आले, परंतु पुस्तकांपेक्षा नाटकात त्यांचे मन अधिक रमले. नाटकमंडळींसाठी पदे रचून देणे, स्वतःची हौशी मंडळी काढणे हे उद्योग चालू होते. पोटासाठी मात्र नोकरी केली. काही काळ ते बेळगावला शाळामास्तर होते, नंतर पुण्यात रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत. बेळगावात त्यांच्या सहवासात आलेला एक विद्यार्थी म्हणजे गोविंद बल्लाळ देवल, पुढे ‘शारदा’ लिहिणारे. एका मास्तराच्या पदरी याहून मोठे यश कोणते असावे, असे मला मास्तर म्हणून वाटते.

१८८० साली त्यांनी पारशी मंडळीचा उर्दू ‘इंद्रसभा’चा खेळ पाहिला आणि मराठीत असे गाते नाटक का होऊ नये, हा विचार त्यांच्या मनाने घेतला. त्यांनी कालिदासाचे ‘शाकुंतल’ मराठीत आणले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. तेव्हा त्यांचे वय सदतीस होते.

यात नवे काय होते, ते नीट समजून घेतले पाहिजे. भाव्यांच्या खेळात पदे प्रामुख्याने सूत्रधार गात असे आणि पात्रे त्याला धरून भाषण करीत. अण्णासाहेबांनी गाणे पात्राच्या तोंडी दिले. दुःख शकुंतलेचे, तर गाणेही तिचेच. चालींच्या बाबतीत त्यांनी सोवळे पाळले नाही. साकी, दिंडी, ओवी होतीच, जोडीला हिंदुस्थानी राग आणि कानडी चालीही आल्या.

हे इतके सविस्तर लिहिण्यास कारण आहे. आमच्या बैठकीत अशी सूचना आली होती की मुलांचे मराठी आणि सूर दोन्ही कच्चे आहेत, तेव्हा ध्वनिमुद्रित पदे लावावीत व मुलांनी नुसते ओठ हलवावेत. सूचना काळजीपोटीच होती, पण मी विरोध केला. तसे केले तर आपण अण्णासाहेबांच्या मागे, सूत्रधाराच्या काळात जाऊन पोहोचतो. बरीच चर्चा झाली. शेवटी पदे कमी करायची, पण उरलेली मुलांनीच गायची, असे ठरले. मूळ नाटकात शंभरावर पदे आहेत, आम्ही नऊ ठेवली. नववीतल्या मुलाचा आवाज ऐन तालमीत फुटला, म्हणून अर्जुन आता एक मुलगी करते आहे. त्या काळी सुभद्रा पुरुष करीत, इथे उलटे झाले. तिच्या ‘ळ’वर अजून काम चालू आहे. खरे तर कन्नडमध्ये ‘ळ’ उत्तम आहे. अडचण इंग्रजी शाळेची आहे.

‘सौभद्र’ १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यात प्रथम रंगभूमीवर आले, तेही तीनच अंक. संपूर्ण नाटक पुढच्या वर्षी झाले. बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर सुभद्रा झाले आणि त्यांच्या गळ्याने प्रेक्षक वेडे झाले. कथा महाभारतातली असली तरी घर अगदी आपले आहे. बहिणीचे लग्न दुर्योधनाशी ठरवून बसलेला हट्टी थोरला भाऊ बलराम, वरवर भोळा आणि आतून सगळी सूत्रे हलविणारा कृष्ण, संन्याशाच्या वेषात त्याच घरी येऊन राहिलेला अर्जुन. मुलांना हे समजावून सांगावे लागत नाही, ती आपणहून हसतात.

तिसरे नाटक ‘रामराज्यवियोग’ १८८४ साली आले, पण ते पूर्ण झाले नाही. २ नोव्हेंबर १८८५ रोजी अण्णासाहेबांचे गुर्लहोसूर येथेच निधन झाले, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी. ‘शाकुंतल’पासून मोजली तर जेमतेम पाच वर्षे त्यांना मिळाली. किर्लोस्कर मंडळी मात्र पुढेही चालत राहिली. १९०५ साली बालगंधर्व तिच्यातच आले आणि मिरजेला शकुंतला म्हणून उभे राहिले.

पदांचे कागद कन्नड व इंग्रजी सारांशासह प्रवेशद्वारापाशी मिळतील. आपल्या अमराठी शेजाऱ्यांनाही अवश्य घेऊन यावे. तबल्याला आपलाच एक माजी विद्यार्थी आहे.