राजा परांजपे : अंधारातून पाहणारा डोळा

'मेरा साया' ठाऊक नाही असा मनुष्य आमच्या वयाच्या दिल्लीकरांत विरळाच. परंतु हे चित्र मूळचे मराठी, असे मुनिरक्यातील शेजाऱ्यांना सांगितले की ते सौजन्याने मान डोलावतात, आणि त्यांचा विश्वास बसलेला नाही हे आम्हांस कळते. त्याचे एवढे काही वाटत नाही. आमच्या स्वतःच्या मुलांनाही हेच सांगावे लागले, तेव्हा मात्र वाईट वाटले. म्हणून स्मरणिकेचे हे पान आम्ही राजा परांजपे यांच्यासाठी मागून घेतले.

राजाभाऊंचा जन्म २४ एप्रिल १९१० रोजी मिरजेस झाला. नाटकाची ओढ त्यांना आधी लागली, चित्रपट मागाहून आला. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या हाताखाली उमेदवारी करून १९४८ साली त्यांनी 'जिवाचा सखा' दिग्दर्शित केला. ग. दि. माडगूळकरांची लेखणी, सुधीर फडक्यांचे संगीत आणि राजाभाऊंचे दिग्दर्शन हा त्रिवेणी संगम पुढे मराठी घराघरांत पोहोचला. 'लाखाची गोष्ट' (१९५२) मध्ये तर माडगूळकर आणि राजाभाऊ हे दोघेही पडद्यावर उतरले. 'ऊन पाऊस' (१९५४) मधील वृद्ध शिक्षक त्यांनी स्वतः रंगविला. मुलांच्या दारी उपरे झालेले ते आईबाप आठवले की परगावी नोकरी करणाऱ्या आम्हां मंडळींना आजही गावाकडील घर आठवते.

असा हा घरगुती सुखदुःखांचा चित्रकार १९६४ मध्ये रहस्याकडे वळला. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून त्यांनी 'पाठलाग' काढला. काशिनाथ घाणेकर आणि भावना ही त्यातील प्रमुख जोडी. पत्नी डोळ्यांदेखत वारलेली. आणि काही दिवसांनी तोच चेहरा घेऊन एक आरोपी स्त्री समोर येते, आपणच त्याची पत्नी म्हणून सांगते. खरेपणा पटविण्यासाठी ती नवराबायकोच्या एकांतातील एकेक खूण भर न्यायालयात उघड करू लागते.

इथे प्रेक्षकाची मोठी पंचाईत होते. जे ऐकू नये ते ऐकण्यास कान टवकारलेले. नवऱ्याची मान खाली जाते आहे, आणि आपणांस तर अजून हवेच आहे! त्याच्या जागी आपण असतो तर न्यायालय रिकामे करा म्हणालो असतो. पण खुर्चीवरून आपण काही उठत नाही. दुसऱ्याच्या खिडकीत डोकावण्याची ही खोड आल्फ्रेड हिचकॉक यांनी 'रिअर विंडो' (१९५४) मध्ये पाय मोडून बसलेल्या छायाचित्रकाराकरवी दाखविली होती, आणि गेलेल्या स्त्रीचा चेहरा पुन्हा भेटण्याचा चटका 'व्हर्टिगो' (१९५८) मध्ये. परंतु तिथे पाहणारा परका असतो. राजाभाऊंनी आमच्यासारख्या मध्यमवर्गीय, चारचौघांत बायकोचे नावही न घेणाऱ्या समाजाच्या माजघराचे दार किलकिले केले. आमच्या मते तो अधिक धीट डाव होता. मुनिरक्याच्या समोरासमोरच्या गच्च्यांत राहणाऱ्यांना, संध्याकाळी पडदे का ओढतात आणि तरीही समोर का पाहतात, हे वेगळे सांगावयास नको.

'पाठलाग'ला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९६५ मध्ये त्यावरून तमिळमध्ये 'इदय कमलम' निघाला आणि १९६६ मध्ये राज खोसला यांचा 'मेरा साया', साधना व सुनील दत्त यांना घेऊन. मदन मोहन यांच्या गाण्यांनी तो अजरामर झाला, हे कबूल. पण आशाबाईंनी गायिलेले 'पाठलाग'मधील 'या डोळ्यांची दोन पाखरे' ऐकावे आणि मग बोलावे. शब्द माडगूळकरांचे, चाल दत्ता डावजेकरांची; आणि गाणे पुन्हा डोळ्यांचेच!

राजाभाऊ ९ फेब्रुवारी १९७९ रोजी गेले. आमच्या मुलीने मध्यंतरी आमच्या आग्रहास्तव 'पाठलाग' पाहावयास घेतला. हिंदी चित्र तिने पाहिलेले नव्हते, हे आमचे भाग्य. न्यायालयाचा प्रसंग सुरू होताच तिने हातातील फोन उपडा ठेवला. ती स्त्री खरी कोण, हे तिने आम्हांस मध्येच दोनदा विचारले. आम्ही सांगितले नाही. इथेही सांगणार नाही.