विद्वत्ता आणि वर्ण

पुण्यातील ज्या रस्त्यास व संस्थेस डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे नाव आहे, तेथून नित्य जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्यांच्या नोकरीतील एक प्रकरण ठाऊक असेल. गौरवपर भाषणांत ते सहसा टाळले जाते. आमच्या मते त्यांची योग्यता जोखण्यास तेच अधिक उपयोगी आहे.

मालवणात १८३७ साली जन्मलेले भांडारकर १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत होते. सिंधमधील हैदराबाद व रत्नागिरी येथे मुख्याध्यापकी केल्यावर १८६८-६९ च्या सुमारास ते एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृतचे हंगामी प्राध्यापक झाले. त्यांच्याच क्रमिक पुस्तकांवरून विद्यार्थी संस्कृतचे पहिले धडे गिरवीत. उणीव होती ती केवळ कायम नेमणुकीची. ती १८७३ मध्ये विलायतेहून नुकत्याच आलेल्या पीटर पीटर्सन यांना मिळाली. पीटर्सन भांडारकरांहून दहा वर्षांनी लहान. ज्या आसनावरून शिकविले, त्याच आसनाचे साहाय्यक म्हणून भांडारकरांना पुढे सुमारे दशकभर राहावे लागले.

पीटर्सन विद्वान नव्हते, असे नव्हे. त्यांची संस्कृतसेवाही मोठी आहे. अन्याय होता तो वरची अध्यापकपदे गोऱ्यांची मानणाऱ्या सरकारी रिवाजाचा. कलकत्त्यास १८८५ मध्ये जगदीशचंद्र बोसांना युरोपियनांहून कमी वेतन देऊ केले, तेव्हा त्यांनी तीन वर्षे वेतनच घेतले नाही. भांडारकरांनी तो मार्ग धरिला नाही. ते काम करीत राहिले. १८७६ मध्ये त्यांनी ‘मालतीमाधव’ संपादिले. १८७७ मध्ये विद्यापीठाची विल्सन व्याख्याने दिली. व्याख्यानपीठास योग्य ठरलेला हा माणूस महाविद्यालयात मात्र साहाय्यकच! या सोशिकतेचा गौरव करताना आम्हांस संकोच वाटतो. ज्या व्यवस्थेने त्यांची उमेदीची वर्षे दुय्यम दर्जात घालविली, तिला त्यांच्या सौजन्याची सबब देऊन मोकळे सोडता येत नाही.

१८८२ मध्ये कीलहॉर्न यांच्या जागी ते डेक्कन महाविद्यालयात प्राध्यापक झाले. १८८५ मध्ये जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर केले, आणि १८९३ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या नावाची संस्था १९१७ मध्ये निघाली. सरकारी हस्तलिखितांचा संग्रह पुढल्या वर्षी तिच्याकडे आला. त्यात पीटर्सन यांनी मिळविलेल्या पोथ्या आहेत, आणि भांडारकरांनी मिळविलेल्याही.