धनगराच्या कुत्र्याचा कैवारी

जर्मनीमध्ये दोन शेतांच्या मधल्या अरुंद पट्टीवर मेंढरे चारण्याची जुनी रीत होती. दोन्ही बाजूंस उभे पीक आणि मध्ये शेकडो मेंढरे. तेथे कुंपण नसे. कुंपणाचे काम कुत्रा करी. कळपाच्या कडेने तो दिवसभर येरझारा घाली, पिकाकडे वळलेल्या मेंढरास मागे सारी आणि धनगर दूर असला तरी स्वतःच्या बुद्धीने वागे. घोडदळातील एका तरुण अधिकाऱ्याने कवायतीसाठी फिरत असताना हे दृश्य पाहिले आणि त्याचे पाय तेथेच खिळले. त्याचे नाव माक्स फॉन स्टेफानित्झ.

स्टेफानित्झ यांचा जन्म १८६४ साली ड्रेस्डेन येथे झाला. सैन्यात असताना काही काळ ते बर्लिनच्या पशुवैद्यक विद्यालयात होते. प्राण्याची हाडे, सांधे व चाल यांचे ज्ञान त्यांना तेथे मिळाले.

हा कुत्रा एका दिवसात घडला नव्हता. जो कुत्रा कळप नीट राखी, त्याचीच पिले धनगर ठेवी. जो मेंढराला चावे, त्याला कळपाजवळ थारा नसे. असे पिढ्यान्पिढ्या चालल्यामुळे फिरत राहणे, राखण करणे आणि धन्याच्या इशाऱ्याकडे लक्ष ठेवणे हा त्याचा स्वभावच बनला. मात्र रूप प्रांतोप्रांती निराळे होते. थुरिंगियातील कुत्र्यांचे कान उभे, तर वुर्टेम्बर्गमधील कुत्री अंगाने थोराड.

दि. ३ एप्रिल १८९९ रोजी कार्ल्सरूह येथील प्रदर्शनात स्टेफानित्झ यांना हेक्टर नावाचा, लांडग्यासारखा दिसणारा एक चपळ कुत्रा आढळला. त्यांनी तो तत्काळ विकत घेतला व त्याचे नाव होरांड ठेवले. त्याच महिन्याच्या २२ तारखेस त्यांनी जर्मन मेंढपाळी कुत्र्यांची संस्था स्थापिली. तिच्या वंशावळीच्या वहीत पहिला क्रमांक होरांडचा लागला. यापूर्वीची अशीच एक संस्था रूप मोठे की काम मोठे, या वादात मोडली होती. स्टेफानित्झ यांचा कौल कामाच्या बाजूने होता.

पुढे कारखाने वाढले, मेंढरांचे कळप घटले. आता या कुत्र्याने करावे काय? नुसता दाराशी बांधून ठेवला, तर त्याच्या अंगची शक्ती वाया जाते. मग तो साखळीभोवती फेऱ्या मारतो, भुंकतो, येणाऱ्याजाणाऱ्यावर धावून जातो. लोक त्याला दुष्ट म्हणतात. परंतु दोष बहुधा धन्याचा असतो. स्टेफानित्झ यांनी पोलिसांचे मन वळवून त्याला तेथे काम मिळवून दिले. पहिल्या महायुद्धात तो निरोप्या झाला आणि १९१६ पासून आंधळ्या सैनिकांचा वाटाड्याही झाला.

हवे ते गुण पक्के करण्यासाठी होरांडच्या वंशातील जवळच्या नात्यांतच संबंध जुळविले गेले. या रीतीने गुण वाढतात, तसे दडलेले दोषही वर येतात. १९२५ च्या सुमारास ही कुत्री फार उंच व स्वभावाने ढिली होत चालली होती. तेव्हा स्टेफानित्झ यांनी, अनेकांची नाराजी पत्करून, क्लोडो नावाच्या बुटक्या पण दमदार कुत्र्यास विजेता ठरविले. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातील हाच सर्वांत धीट निर्णय होय. तरीही सर्व दोष गेले नाहीत. खुब्याच्या सांध्याचा विकार या जातीत आजही आढळतो. म्हणून जाणते पैदासकार आधी क्ष-किरण चित्र काढून पाहतात.

आपल्याकडे ज्याला अल्सेशियन म्हणतात, तो हाच कुत्रा. युद्धानंतर इंग्रजांना जर्मन नाव नकोसे झाले, म्हणून त्यांनी हे नाव दिले. १९७७ मध्ये तेथे जुने नाव परत आले.

स्टेफानित्झ यांनी छत्तीस वर्षे संस्थेची धुरा वाहिली. नाझी राजवटीत, १९३५ साली, त्यांना ती खाली ठेवावी लागली. पुढल्याच वर्षी, २२ एप्रिल रोजी, त्यांचे निधन झाले. संस्थेचा तो सदतिसावा वाढदिवस होता.